द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा यांसाठी एकच नवीन पिकअप घ्यायची आहे. आराम आणि काम दोन्ही कसं तपासायचं?

दिंडोरीकर:

मंडळी, सल्ला हवा आहे. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. उरलेल्या रानात पावसाळ्यात टोमॅटो आणि नंतर उन्हाळ कांदा. घरची पिकअप आठ वर्षांच्या पुढे गेली, त्यामुळे फिटनेस आता दर वर्षी करावं लागतं आणि प्रत्येक वेळी पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), बुश, ब्रेक असं काही ना काही निघतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरात नवीन गाडीचा विषय चालू आहे.

मतं तीन आहेत. वडील म्हणतात, महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एचडी घे, दहा फुटी हौद्याची, दोन टन पासिंगची, म्हणजे तेवढा माल कायद्यानं नेता येणारी. २०२३ मध्ये ही रेंज नव्यानं आली. केबिन बदलली, चालकाची सीट वरखाली होते, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. चुलते टाटा योद्धा २.० वर ठाम आहेत. तीही दोन टनांची, २.२ लिटरचं इंजिन, १०० अश्वशक्ती. धाकटा भाऊ या दोन्हींना तयार नाही. त्याचं म्हणणं, टोयोटा हायलक्स नाहीतर इसुझूची व्ही-क्रॉस घेऊ, चार दारं, ऑटोमॅटिक गिअर, मालही जाईल आणि घरची पाच माणसं वणीला गडावरही जातील.

माझी खरी अडचण वेगळी आहे. गाडी बहुतेक वेळा वडील चालवतात. वय ६३, कमरेचं दुखणं आहे आणि क्लचचा पाय संध्याकाळी भरून येतो. मला त्यांच्यासाठी आरामदायी गाडी हवी आहे, पण मालाचं काम अडलं तर तो आराम काय कामाचा? शोरूमवाले रिकामी गाडी हायवेला दहा मिनिटं फिरवून आणतात, त्यातून मला काहीच कळलं नाही. शेजारच्या गावातल्या एकानं दोन टनाची गाडी घेतली आहे, तो म्हणतो द्राक्षाला ती फार उडते.

ज्यांच्या गाडीत द्राक्ष आणि कांदा दोन्ही जातात अशा कोणी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

अंबड_गॅरेज:

माझ्या पिटवर रोज पिकअपच असतात, म्हणून खालच्या बाजूचं सांगतो. वरचं बाकीचे सांगतील.

नवीन मॉडेल म्हटलं की लोक डॅशबोर्ड बघतात, खाली कोणी वाकत नाही. तुम्ही वाका. पुढच्या चाकांना पाटे आहेत की कॉइल स्प्रिंग, ते आधी बघा. पुढे कॉइल आणि दोन्ही चाकं सुटी हलणारी असतील तर चालकाला खड्डा कमी लागतो. पुढेही पाटे असतील तर गाडी दणकट राहते, पण दणका स्टिअरिंगपर्यंत येतो. एकाच नावाच्या गाडीत पासिंगप्रमाणे हे बदलू शकतं, त्यामुळे ब्रोशरवर जाऊ नका. जी गाडी घ्यायची तीच उचलून बघा.

दुसरं, स्टेपनी कुठे आहे. हौदा भरलेला असताना, रात्री, रस्त्याच्या कडेला ती खालून काढता येते का, हे शोरूममध्येच काढून दाखवायला सांगा. जॅक आणि पाना तुमच्यासमोर लावू द्या.

इंजिनाचं म्हणाल तर मॅक्सला २,५२३ सीसीचंच डिझेल आहे, जुन्या बोलेरो पिकअपच्या घराण्यातलं. त्यामुळे नाशिकमध्ये त्यावर हात बसलेले मिस्त्री आणि सुटे भाग यांची अडचण नाही. बीएस-६ डिझेल कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असतोच. रोज दोन-चार किलोमीटरच्याच खेपा मारल्या तर त्यात काजळी साठते. अधूनमधून लांबचा एकसारखा फेरा होऊ द्या आणि त्याचा दिवा लागला की गाडी बंद करण्याआधी पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा.

कादवाकाठ:

दिंडोरीकर भाऊ, मी पालखेडच्या बाजूचा. स्वतःची बाग आहे आणि सीझनला इतरांचा माल पॅकहाऊसला (जिथे द्राक्ष निवडून पेटीत भरतात), पिंपळगावला, कधी वाशीला पोचवायची भाडीही करतो. तुमचे तिन्ही माल माझ्या हौद्यात जातात, म्हणून जरा लांब लिहितो.

जास्त पासिंग म्हणजे जास्त चांगली गाडी, हा हिशोब आधी मनातून काढा. कांद्याला तो लागू आहे. द्राक्षाला बरोबर उलटा आहे, आणि तुमच्या वडिलांच्या कमरेलाही उलटा आहे.

कारण पाटे. दोन टन पेलायचे म्हणजे मागचे पाटे तेवढे ताठ ठेवावेच लागतात, मग कंपनी कुठलीही असो. हौद्यात दोन टन असले की तेच पाटे छान दबतात आणि गाडी रस्त्याला धरून चालते. पण हौद्यात सात-आठशे किलो असले तर ते जेमतेम हलतात आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका जसाच्या तसा वर येतो. तुमच्या शेजारच्या गावचे म्हणतात ते खोटं नाही. त्यात त्या गाडीचा दोष नाही, तिच्या अंगावर तिच्या लायकीचा लोडच नसतो.

आता हिशोब बघा. आपल्याकडचा नेहमीचा प्लास्टिक क्रेट साधारण ५४० बाय ३६० मिलिमीटरचा. दहा फुटी हौदा म्हणजे ३,०५० मिलिमीटर लांब, आणि रुंदी १,७०० धरा. रुंदीला तीन क्रेट आडवे, लांबीला आठ, म्हणजे एका थरात २४ बसतात. टोमॅटोची जाळी २० किलोची, रिकाम्या क्रेटचे दोन किलो वर, म्हणजे २२ किलो. तीन थर लावले की ७२ जाळ्या, १,५८४ किलो. चौथा थर पूर्ण लावला की २,११२ किलो, म्हणजे दोन टनाची गाडीसुद्धा ओव्हरलोड. जागा आहे म्हणून भरत जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. गिरणारेला किंवा पिंपळगावला टोमॅटो नेताना १.७ टनाची गाडी ७७ जाळ्या कायद्यात राहून नेते, १.३ टनाची ५९.

द्राक्षाचं बघा. निर्यातीचा माल आपण क्रेटमध्ये एकाच थरात, खाली बबल शीट टाकून ठेवतो. क्रेटमध्ये दहा किलोच्या वर जाऊ देत नाही. क्रेट धरून १२ किलो. चार थर, ९६ क्रेट, झाले १,१५२ किलो. हा पूर्ण भरलेला हौदा झाला. काढणीच्या सकाळी पहिली खेप कितीदा अर्धीच जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे दोन टनाच्या गाडीत द्राक्ष कायम अर्ध्या लोडवरच जाणार, ताठ पाट्यांवर.

आणि द्राक्षाचा मार दिसत नाही, पॅकहाऊसच्या टेबलावर कळतो. मणीगळ होते, देठाजवळ मणी हलतो, मण्यावरची नैसर्गिक पांढरी झाक पुसली जाते. एक मणी फुटला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर जातो आणि कूज तिथूनच सुरू होते. सर्वात जास्त हादरा वरच्या थराला आणि मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेल्या क्रेटना बसतो. दहा फुटी हौद्यात एक्सलच्या मागचा भाग मोठा असतो. म्हणून मी द्राक्ष भरताना केबिनच्या भिंतीपासून सुरुवात करतो, मागची ओळ शक्यतो रिकामी ठेवतो, हौद्यात जाड रबरी मॅट टाकतो आणि थरांची उंची वाढवण्याऐवजी खेप वाढवतो. टायरमधली हवा कंपनीनं दिलेल्या आकड्यावर ठेवतो, कारण कांद्याच्या दिवसांत भरलेली हवा द्राक्षाच्या दिवसांत तशीच राहिली तर टायरसुद्धा दगड होतो.

आता वडिलांचं. पिकअपचा आराम जाताना कळत नाही, येताना कळतो. भरलेली गाडी वाशीला आरामात जाते. माल उतरल्यावर एवढ्या लांबून रिकामी परत आणताना कंबर बोलते. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह दोनदा घ्या, एकदा रिकामी आणि एकदा लोडवर. डीलर डेमो गाडीत वजन टाकू देत असेल तर डीएपी खताच्या पन्नास किलोच्या १६ गोण्या टाका, ८०० किलो होतात. देत नसेल तर ज्यानं तेच मॉडेल घेतलंय त्याच्या भाड्याला शेजारी बसून जा. रस्ता हायवेचा नको. जानोरी-मोहाडीकडून आत वळा, गावातले गतिरोधक घ्या, मग मळ्याची कच्ची वाट घ्या, आणि तिथे वडिलांना चालवू द्या. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला सगळंच चालतं.

सीटबद्दल. ती वरखाली होते हे चांगलं, पण तेवढ्यावर थांबू नका. पिकअपच्या सीटच्या मागे लगेच केबिनची भिंत असते, त्यामुळे पाठ किती मागे झुकते हे बसूनच कळतं. सीट मागे सरकवून बसा, क्लच पूर्ण दाबा आणि बघा की गुडघा सरळ होताना कंबर सीटवरून पुढे सरकते का. सरकत असेल तर ती सीट वडिलांना लांब पडते आणि रोज दुखणार. अर्धा तास शोरूममध्ये नुसतं बसा. कोणी काही म्हणत नाही. तिसऱ्या माणसालाही मध्ये बसवा, म्हणजे गिअर टाकताना त्याच्या गुडघ्याला हात लागतो का ते दिसेल.

क्लचची परीक्षा लासलगावच्या कांदा बाजाराची. लिलावाच्या दिवशी गेटबाहेरची रांग इंचाइंचानं सरकते. पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक, परत तेच. म्हणून टेस्टला गाडी वीस मिनिटं मुद्दाम चालण्याच्या वेगानं चालवा. द्वारका चौकात संध्याकाळी नेलीत तरी तेच काम होईल. स्टिअरिंगही तिथेच कळतं, उभ्या गाडीत पूर्ण वळवून बघा.

एसी घ्याच. २०२५ पासून साडेतीन टनांच्या वरच्या नवीन ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. आपल्या पिकअप त्या वजनाच्या आत येतात, म्हणून त्यांना ती सक्ती नाही आणि कुठल्या व्हेरिअंटला एसी आहे ते तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता निफाडहून येताना ज्यानं बिनएसीची केबिन चालवली आहे त्याला हे पटवावं लागत नाही. इंजिनाची उष्णता पायाकडून किती येते ते टेस्टच्या शेवटी बघा, सुरुवातीला नाही.

वेगाचा विचार करून इंजिन निवडू नका, मालवाहू गाडीला ८० चा गव्हर्नर असतोच. चढाचा विचार करा. गुजरातला टोमॅटो जात असेल तर पेठ रोडचा सावळघाट आहे, तिथे योद्ध्याची जादा ताकद उपयोगी पडते हे तुमच्या चुलत्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मुंबईकडे मात्र चित्र बदललं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येतो. टोल जातो, पण भरलेल्या गाडीचे ब्रेक आणि चालकाचे पाय दोन्ही वाचतात. वडील रात्री जाणार असतील तर तो टोल द्या.

हायलक्स, व्ही-क्रॉस या उत्तम गाड्या आहेत, चालवायला कारच्या जवळ. पण हायलक्स ५,३२५ मिलिमीटर लांब, म्हणजे साडेसतरा फूट, आणि त्यात हौदा साधारण पाच फूट. बाकी सगळी लांबी माणसांसाठी आणि इंजिनासाठी. द्राक्षाच्या एका सकाळच्या कामाला तिला किती खेपा लागतील ते तुम्हीच मोजा. भावाची गरज खरी आहे, पण ती वेगळी गरज आहे.

पॅकहाऊसताई:

कादवाकाठ दादांनी पाट्यांचं लिहिलं ते अगदी खरं. आमच्या टेबलावर माल आला की कुठल्या गाडीतून आला हे मणी बघून सांगता येतं.

मी भरणाऱ्या बायकांच्या बाजूनं सांगते, कारण गाडी निवडताना त्यांना कोणी विचारत नाही. पेठ, सुरगाण्याकडून काढणीला येणाऱ्या टोळीत निम्म्याहून जास्त बायका असतात आणि क्रेट हौद्यात त्याच चढवतात. हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते टेप लावून मोजा. मोठी चाकं आणि जास्त पासिंग म्हटलं की हौदाही वर जातो. कमरेच्या उंचीला क्रेट सरकवता येतो. छातीच्या उंचीला तो उचलून टाकावा लागतो, आणि टाकलेला क्रेट म्हणजे आपटलेला क्रेट. दिवसभरात त्या बाईच्या खांद्याचं काय होतं ते वेगळंच. तुमच्या टोळीतल्या दोघींना शोरूमला घेऊन जा, भरलेला एक क्रेट बरोबर न्या आणि त्यांना चढवायला सांगा. मी हे आमच्या पॅकहाऊससाठी गाडी घेताना केलं होतं. त्यांनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते कुठल्या कागदावर नव्हतं.

फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) फक्त मागचा पडतो की बाजूचेही, ते बघा. बाजूचे पडत असतील तर पुढच्या भागातले क्रेट ठेवायला कोणाला हौद्यात वाकून चालावं लागत नाही. फाळक्याची कडी एका हातानं निघाली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काहीतरी असतंच. दोर बांधायचे हूक बाहेर किती आहेत, आत चाकांवरचा उंचवटा हौद्यात येतो का, पत्र्याच्या कडा बोट कापण्यासारख्या आहेत का, हे हात फिरवून बघा. क्रेटचा हिशोब कागदावर २४ येतो, पण मध्ये उंचवटा असला की २० वर येतो.

ऊन हा मालाचा दुसरा शत्रू. काढल्यापासून चार-सहा तासांत द्राक्ष प्रीकूलिंगला (थंड खोलीत) गेलं पाहिजे. उघड्या हौद्यावर काळी ताडपत्री अंगासरशी ओढली तर खाली भट्टी होते. लोखंडी कमानी लावून वर शेडनेट आणि त्यावर कापड, मध्ये हवा खेळायला वीतभर जागा, असं करून घ्या. पण त्या सांगाड्याचं वजन पासिंगमधून वजा होतं हे लक्षात ठेवा. दीडशे किलोचा पिंजरा बसवला तर तेवढा माल कमी. कायमचा सांगाडा बसवण्याआधी आरटीओची परवानगी लागते, नाहीतर फिटनेसला अडवतात.

दिंडोरीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच टेप घेऊन दोन शोरूम फिरलो, वडील आणि आमच्या टोळीच्या मुकादम ताई बरोबर होत्या. ताईंनी दोन टनाच्या गाडीजवळ उभं राहून लगेच सांगितलं की हा हौदा आमच्या खांद्याला येतो. दिवसभर इथे क्रेट चढवायला त्या तयार नाहीत. वडिलांना सीट वर घेतल्यावर क्लच लांब पडला, खाली घेतल्यावर बरा वाटला. हे आम्हाला दहा मिनिटांच्या फेरीत कळलंच नसतं.

आता दोन टन सोडायचं ठरलं आहे. पण १.३ की १.७ यावर अडलो. द्राक्षाला १.३ पुरेल हे हिशोबावरून दिसतं. कांद्याला मात्र आम्ही पंधरा-सोळा क्विंटल एका खेपेला नेतो. एक मिस्त्री म्हणाला की जास्त पासिंगची घ्या आणि द्राक्षाच्या दिवसांत मागचा एक पाटा काढून ठेवा. हे बरोबर आहे का?

भाऊ पाच माणसांची गाडी हवी म्हणून अजून हटून बसला आहे. शिवाय त्याच्याकडे साधं कारचंच लायसन्स आहे. पिकअपला ते चालेल का?

अंबड_गॅरेज:

पाटा काढू नका. पासिंग त्या पाट्यांवर झालेलं असतं. एक काढला की बाकीच्यांवर ताण येतो, गाडी मागे बसते, पुढच्या चाकांचा भार हलका होतो आणि लोडवर ब्रेक मारला की मागची बाजू कुठेही जाते. त्या अवस्थेत अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी तेच लिहून घेईल. पाटे मऊ हवे असतील तर कमी पासिंगची गाडी घ्या, तो एकच सरळ मार्ग आहे. पाट्यांच्या मध्ये ग्रीस आणि शॅकलचे बुश वेळेवर बदलले तरी कटकट आणि दणका बराच कमी होतो. लोक ते करत नाहीत आणि मग गाडीला नावं ठेवतात.

कादवाकाठ:

भाऊ, मी १.७ घेईन. सांगतो का.

पंधरा-सोळा क्विंटल कांदा १.३ मध्ये घातला की दर खेपेला तुम्ही दोन-तीनशे किलो ओव्हरलोड. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीतून काढून लासलगावला नेणं हे एका दिवसाचं काम नाही, एप्रिलपासून दिवाळीपर्यंत भाव बघत थोडा थोडा काढतो आपण. एवढे महिने ओव्हरलोड चालवलेली गाडी दोन वर्षांत म्हातारी होते. द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल. १,१५२ किलो द्राक्ष १.७ च्या गाडीत भरलं म्हणजे लोड दोन तृतीयांशाच्या आसपास आला. तेवढ्यावर पाटे काम करायला लागतात. अर्धी खेप असेल तेव्हा हौद्यात, केबिनच्या भिंतीला लागून, पाण्याचे भरलेले ड्रम ठेवा. फवारणीचे दोनशे लिटरचे ड्रम तुमच्याकडे असतीलच, दोन ठेवले की ४०० किलो झाले. मी अर्ध्या खेपेला हेच करतो. ड्रम घट्ट बांधा आणि काठोकाठ भरा, अर्धा भरलेला ड्रम आत हिंदकळतो.

हौद्याची लांबी मात्र दहा फुटीच हवी असा हट्ट धरू नका. बोलेरो मॅक्सच्या एचडीमध्ये १.३, १.७, २.० अशी पासिंग आहेत. कुठल्या पासिंगला हौदा किती लांब, चाकं किती इंची आणि उंची किती, हे तुमच्या मुकादम ताईंसमोर मोजून घ्या. त्यांनी ज्या हौद्याला होकार दिला तो घ्या, क्रेटची एखादी ओळ कमी बसली तरी चालेल.

लायसन्सचं काम सोपं आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे कारच्या, लायसन्सवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पिकअप त्याच्या कितीतरी आत येते. भाऊ चालवू दे, वडिलांच्या लांबच्या फेऱ्या कमी होतील, आणि तुमचा अर्धा प्रश्न तर तिथेच सुटतो.

पाच माणसांचं बोलायचं तर बोलेरो कॅम्पर बघून या. चार दारं, मागे छोटा हौदा, एक टन पासिंग. हायलक्सच्या पैशात कॅम्पर येऊन वर बरेच उरतात. पण तुमच्या घरी द्राक्ष आणि कांदा दोन्ही असल्यामुळे पहिली गाडी म्हणून मी तीही सुचवणार नाही. पिकअप घ्या आणि गडावर जायला एक जुनी चांगली कार बघा. एकाच गाडीवर सगळं लादलं की सीझनमध्ये घरातलं कोणीतरी कायम खोळंबून बसतं.

बुकिंग लवकर करा. काढणी जानेवारीत सुरू होईल आणि त्याआधी एमएच १५ चा नंबर, हौद्यावरच्या कमानी, मॅट, एक-दोन लोडवरच्या फेऱ्या हे सगळं उरकलेलं हवं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊ नका, कागदावर उत्पादनाचं वर्ष जुनं लागतं आणि विकताना ती एक वर्ष जुनी धरतात. नोव्हेंबरमध्ये मिळाली तर घ्या. नाहीतर यंदाची पहिली तोड भाड्याच्या गाडीत जाऊ द्या आणि नवीन वर्षाचीच गाडी उचला. भाड्याला गाडी लागली तर पालखेडहून मी येईन, रबरी मॅट टाकलेलीच आहे.